शस्त्रक्रियेनंतरचे जुने माप

गेल्या अंकात वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियांवरील लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आहाराविषयी आणि सैल पडलेल्या त्वचेविषयी पत्रे येतील अशी माझी अपेक्षा होती. तशी ती आलीही. पण सर्वांत मोठा गठ्ठा निघाला तो मद्यपानाविषयीच्या पत्रांचा. बहुतेकांनी नाव न छापण्याची विनंती केली आहे. ती मान्य करून त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया होऊन मला सात महिने झाले आहेत आणि माझे वजन ३१ किलोंनी उतरले आहे. मी नियमित पिणारा कधीच नव्हतो. महिन्यातून एखाद्या वेळी मित्रांबरोबर बसलो तर तीन पेग व्हायचे आणि त्याचे काही वाटत नसे. मागच्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात मी फक्त एक पेग घेतला आणि दहा मिनिटांच्या आत जीभ जड झाली, पाय लटपटू लागले. अर्ध्या तासाने बरे वाटले म्हणून दुसरा भरला, आणि त्यानंतरचे मला नीट आठवत नाही. मित्राने गाडीची किल्ली काढून घेतली म्हणून निभावले. माझे नेमके काय बिघडले आहे, आणि यापुढे मी किती घेऊ शकतो?

उत्तर : बिघडलेले काही नाही. शस्त्रक्रियेने जे बदलायचे होते तेच बदलले आहे. फक्त तो बदल अन्नापुरता मर्यादित राहत नाही, हे तुम्हाला आधी कोणी पुरेसे स्पष्ट सांगितलेले दिसत नाही.

प्यायलेल्या मद्यापैकी थोडे जठरातून आणि बाकीचे बहुतेक लहान आतड्यातून रक्तात जाते. जठर आणि आतडे यांच्यामध्ये स्नायूंचे एक कडे असते. ते जठरातला ऐवज थोडा थोडा करून पुढे सोडते, आणि पोटात अन्न असेल तर हे काम आणखी सावकाश चालते. काहीतरी खाऊन मगच प्यावे, या जुन्या सल्ल्याचे मूळ येथे आहे. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. ते कडे वाटेतून बाजूला पडते आणि घोट जवळजवळ सरळ आतड्यात उतरतो. जठराच्या अस्तरात मद्याचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) थोड्या प्रमाणात असते, तेही बरेचसे बाजूला राहते. त्यात वजन उतरल्यामुळे शरीरातील पाणी कमी झालेले असते, म्हणजे तेवढेच मद्य आता कमी पाण्यात मिसळते. यकृत मात्र आपली चाल बदलत नाही. मद्य कितीही वेगाने येवो, ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम याच गतीने त्याचा निकाल लावत राहते.

या सगळ्याचा एकत्रित परिणाम किती होतो, हे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शल्यचिकित्सकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात स्पष्ट दिसते. बायपासच्या १९ रुग्णांना त्यांनी सुमारे १५० मिलिलिटर रेड वाइन दिली : एकदा शस्त्रक्रियेपूर्वी, मग तीन महिन्यांनी आणि मग सहा महिन्यांनी. मद्याची सर्वोच्च पातळी पहिल्या वेळी सरासरी ०.०२४ टक्के होती, तीन महिन्यांनी ती ०.०५९ आणि सहा महिन्यांनी ०.०८८ टक्के झाली. ग्लास तोच, वाइन तेवढीच. वाहनचालकांसाठी अनेक देशांनी घातलेली मर्यादा ०.०८ टक्के किंवा त्याहूनही कमी आहे, हे लक्षात घेतले तर एका ग्लासानंतर ही माणसे गाडी चालवण्यास अपात्र ठरली होती. पातळी शून्यावर येण्यास शस्त्रक्रियेपूर्वी ४९ मिनिटे लागत होती, सहा महिन्यांनी ८८ लागली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सेंट लुईस येथील संशोधकांनी २०१५ साली बायपास झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत हेच वेगळ्या शब्दांत मांडले : त्यांनी घेतलेले दोन ग्लास इतर स्त्रियांच्या चार ग्लासांसारखे काम करतात.

तुमच्या पत्रातील 'अर्ध्या तासाने बरे वाटले' हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बायपासनंतर पातळी काही मिनिटांत शिखर गाठते आणि तितक्याच वेगाने थोडी खाली येते. त्या उतारावर माणसाला आपण सावरलो असे वाटते, पण रक्तात अजून बरेच मद्य शिल्लक असते आणि दुसरा पेग त्याच्यावर येऊन चढतो. पूर्वी तिसऱ्या पेगाला जे होत नव्हते ते आता दुसऱ्याला झाले, त्याचे कारण हे आहे. आणखी एक गोष्ट. तुम्ही 'एक पेग' लिहिले आहे, पण ३० मिलिलिटरचा की ६० चा ते लिहिलेले नाही. मद्य ४० टक्के तीव्रतेचे असेल तर पहिल्यात सुमारे साडेनऊ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते आणि दुसऱ्यात १९ ग्रॅम. तुम्ही ते लिहिले नाही यात नवल नाही, कारण ओतणारा मित्र असला की पेगाचे माप त्याच्या मनगटावर अवलंबून असते.

आता 'किती' या प्रश्नाकडे येतो. बहुतेक शस्त्रक्रिया-केंद्रे पहिले सहा महिने, आणि अनेक केंद्रे पूर्ण एक वर्ष, मद्य अजिबात घेऊ नये असे सांगतात. या काळात टाके व जोड भरून यायचे असतात, वजन झपाट्याने उतरत असल्याने यकृतावर आधीच ताण असतो, आणि दिवसभरात पोटात जे थोडेसे जाते त्यातून प्रथिने व जीवनसत्त्वे मिळवायची असतात. तुमचे सातच महिने झाले आहेत, म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबा, असेच मी सांगेन. त्यानंतर तुमच्या शल्यचिकित्सकांनी हरकत घेतली नाही, तर पहिला प्रयोग समारंभात करू नये; घरी, बरोबर कोणीतरी असताना, मोजून ३० मिलिलिटर भरपूर पाण्यात घालून, जेवणानंतर काही वेळाने, तासभर पुरवून घ्यावे आणि त्या दिवशी तिथेच थांबावे. गाडीच्या बाबतीत मात्र मला तडजोड मान्य नाही. शस्त्रक्रियेनंतर ज्या दिवशी मद्य घेतले त्या दिवशी गाडी चालवायची नाही, मग घेतलेले कितीही थोडे असो. तुमच्या मित्राने तुमच्या हातून किल्ली घेतली, तसा मित्र प्रत्येक समारंभात असेलच असे नाही.

प्रश्न : माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली आहे. आतड्याला हात लावलेला नसल्याने मद्याचा त्रास फक्त बायपासवाल्यांना होतो, असे मला एका परिचित बाईंनी सांगितले. शिवाय मी व्हिस्की वगैरे घेत नाही, केवळ बिअर किंवा फळांच्या रसातले कॉकटेल घेते. तेवढे चालेल ना?

उत्तर : परिचित बाईंचे म्हणणे काही वर्षांपूर्वीपर्यंत अनेक डॉक्टरही मान्य करीत होते, त्यामुळे त्यांना दोष देता येणार नाही. स्लीव्हवरील सुरुवातीच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. त्याचे एक कारण असे, की काहींनी मद्य श्वासावरून मोजले होते, आणि शस्त्रक्रियेनंतर इतक्या कमी वेळात येणारे शिखर श्वासाच्या यंत्रातून निसटते. रक्ताचे नमुने थोड्या थोड्या मिनिटांनी घेतले तेव्हा स्लीव्हनंतरही मद्य लवकर आणि जास्त चढते, जवळपास बायपासइतकेच, असे आढळले. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकला जातो. जठर आणि आतडे यांच्यामधले स्नायूंचे कडे जागेवर राहते हे खरे, पण उरलेली अरुंद नळी पूर्वीच्या जठरापेक्षा लवकर रिकामी होते. ज्यांच्या जठराभोवती केवळ पट्टा बसवलेला आहे, त्यांच्या बाबतीत असा फरक सहसा पडत नाही. परिचित बाईंच्या मनात कदाचित ती शस्त्रक्रिया असावी.

बिअर सौम्य समजली जाते, पण ५ टक्के तीव्रतेच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये १३ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे व्हिस्कीच्या लहान पेगापेक्षा जास्त. त्यातला वायू अरुंद नळीत फुगतो, दुखते, ढेकर येत राहतात, आणि स्लीव्हनंतर अनेकांना आधीच होणारी छातीतली जळजळ वाढते. कॉकटेलचे तर दुहेरी आहे. रसातली आणि सिरपातली साखर एकदम आतड्यात गेली की काही जणांना, स्लीव्हपेक्षा बायपासनंतर अधिक वेळा, दहा ते तीस मिनिटांत पोटात कळ, जुलाब, धडधड आणि घाम असा त्रास होतो, ज्याला डम्पिंग म्हणतात. त्यात एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात, साखरेत ४. ज्या पोटाला दिवसाला मोजकेच अन्न झेपते, त्या पोटातून या कॅलरी मात्र कोणतीही अडचण न येता खाली उतरतात, कारण द्रवाला जठराचा लहानपणा अडवत नाही. वजन पुन्हा वाढू लागले अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांनी आहाराची वही दाखवली, तर तीत पेये सहसा लिहिलेलीच नसतात. तुम्ही वही ठेवत असाल तर ती लिहावीत, एवढी विनंती.

प्रश्न : एका समारंभात थोडी गोड वाइन घेतल्यानंतर साधारण दोन तासांनी मला घाम सुटला, हात थरथरू लागले, आणि मी असंबद्ध बोलू लागले असे माझे पती सांगतात. सगळ्यांना वाटले, हिला चढली. पण एवढ्याशा वाइनने दोन तासांनी कशी चढेल? माझा बायपास तीन वर्षांपूर्वी झाला आहे.

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. हे वर्णन चढण्यापेक्षा रक्तातील साखर उतरल्याचे अधिक वाटते. बायपासनंतर गोड पदार्थ आतड्यात वेगाने गेला की इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त स्रवते आणि एक ते तीन तासांत साखर एकदम खाली येते. एरवी अशा वेळी यकृत नवी साखर तयार करून भरपाई करते, पण मद्याचा निकाल लावण्यात गुंतलेले यकृत ते काम नीट करू शकत नाही. दोन्ही कारणे एका ग्लासात एकत्र आली.

धोका असा, की लक्षणे नशेसारखीच दिसतात आणि आजूबाजूचे लोक 'झोपू द्या, उतरेल' म्हणून सोडून देतात. म्हणून तुमच्या पतींना हे नीट समजावून सांगा, शक्य असेल तर रक्तशर्करा मोजण्याचे छोटे यंत्र जवळ ठेवा, आणि अशा वेळी साखर मोजून घ्या. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि तुम्ही शुद्धीवर असाल, तर आधी ग्लुकोज आणि सावरल्यावर प्रथिनयुक्त काहीतरी खावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या अजून चालू असतील, तर हा प्रकार पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : हँगओव्हरच्या डोकेदुखीवर आयबुप्रोफेनची गोळी घेतलेली चालते का?

उत्तर : बायपासनंतर नाही, डोकेदुखी कशाचीही असो. या वर्गातील वेदनाशामके जठर-आतड्याच्या जोडावर व्रण पाडू शकतात. मद्य आणि विशेषतः धूम्रपान सोबत असेल तर ही शक्यता वाढते. स्लीव्ह झालेल्यांनीही अशी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. शौच डांबरासारखे काळे झाल्यास किंवा उलटीत रक्त दिसल्यास लगेच रुग्णालयात जावे. पॅरासिटामॉल जठराला सौम्य असले, तरी भरपूर मद्यानंतर ते यकृताला जड जाते.

प्रश्न : शस्त्रक्रिया झाल्याचे मी कार्यालयात कोणालाही सांगितलेले नाही. आमच्या कामात ग्राहकांबरोबर संध्याकाळी बसावेच लागते आणि हातात ग्लास नसलेला माणूस लगेच डोळ्यांवर येतो. नाही कसे म्हणावे?

उत्तर : शस्त्रक्रिया गुप्त ठेवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि नकाराला कारण जोडलेच पाहिजे असे नाही. माझा अनुभव असा, की कारण जितके मोठे, तितका वाद मोठा. 'औषध चालू आहे' म्हटले की कोणते, किती दिवस, एका घोटाने काय होते, अशी उलटतपासणी सुरू होते. 'आज मी घेत नाही' या वाक्याला पुढे फारसे विचारण्यासारखे काही उरत नाही. ग्लास मात्र हातात असू द्यावा आणि तो स्वतः भरावा. बर्फ आणि लिंबू घातलेले साधे पाणी कोणी हुंगून पाहत नाही, आणि दुसऱ्याने भरलेला ग्लास आपल्याला मोजता येत नाही. सोडा टाळावा, तुमच्या पोटाला तो मानवणार नाही. उशिरा जाऊन लवकर निघणे आणि 'परतताना गाडी मी चालवणार आहे' असे आधीच जाहीर करणे, या दोन्ही जुन्या युक्त्या अजूनही चालतात.

एका गोष्टीवर मात्र मी अडून राहीन. त्या टेबलावरच्या एका तरी विश्वासू माणसाला खरे माहीत असावे. तुम्ही कधी घेतलीतच आणि काही झाले, तर ते नशेमुळे झाले की साखर उतरल्यामुळे, हे ओळखणारे कोणी तरी जवळ हवे. नकार ऐकूनही तुमच्या ग्लासात ओतत राहणाऱ्या माणसांविषयी माझे मत छापण्याजोगे नाही.

प्रश्न : माझ्या पतींची बायपास शस्त्रक्रिया अडीच वर्षांपूर्वी झाली. पहिले वर्षभर त्यांनी मद्याला स्पर्शही केला नाही. मग समारंभापुरते सुरू झाले, मग शनिवार-रविवार, आणि आता रोज रात्री. बाटल्या कपाटात लपवलेल्या सापडतात. सकाळी चहाचा कप धरताना त्यांचा हात थरथरतो. पूर्वी ते असे कधीच नव्हते. शल्यचिकित्सकांकडे गेलो तेव्हा त्यांनी वजन पाहून शाबासकी दिली. मी त्या बाटल्या ओतून टाकू का?

उत्तर : 'पूर्वी ते असे कधीच नव्हते' हे तुमचे वाक्य डॉक्टरांनी ऐकायला हवे होते. अमेरिकेतील १० रुग्णालयांत झालेला आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला सुमारे दोन हजार रुग्णांचा अभ्यास या बाबतीत बोलका आहे. मद्याच्या व्यसनाची लक्षणे शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात ७.६ टक्के लोकांत होती, नंतरच्या पहिल्या वर्षात ७.३ टक्के, आणि दुसऱ्या वर्षात ९.६ टक्के. पहिल्या वर्षाचा आकडा पाहून सगळे आलबेल आहे असेच कोणालाही वाटले असते. त्याच अभ्यासाच्या २०१७ सालच्या पुढच्या भागात पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला, तेव्हा बायपास झालेल्या सुमारे २१ टक्के लोकांत अशी लक्षणे नव्याने दिसली होती. जठराभोवती पट्टा बसवलेल्यांत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होते. पुरुष, तरुण, धूम्रपान करणारे आणि शस्त्रक्रियेपूर्वी नियमित पिणारे यांच्यात शक्यता अधिक होती, पण यांपैकी काहीच नसलेली माणसेही त्यात होती.

खाण्याचे व्यसन सुटले आणि त्याच्या जागी हे आले, असे स्पष्टीकरण तुम्हाला ऐकायला मिळेल. काहींच्या बाबतीत त्यात तथ्य असेलही, परंतु मला ते अपुरे वाटते, कारण पट्ट्याच्या आणि बायपासच्या रुग्णांत एवढा फरक का, हे त्यातून कळत नाही. मद्य मेंदूपर्यंत जितक्या लवकर आणि जितके तीव्र पोहोचते, तितकी त्याची सवय पक्की होते. बायपासने नेमका तोच मार्ग जवळचा करून ठेवलेला असतो. त्यामुळे आपला नवरा मनाचा कच्चा निघाला, असा निष्कर्ष कृपया काढू नका, आणि त्यांच्याशी बोलताना तो सूर येऊ देऊ नका. ते पिऊन बसलेले असताना बोलू नका. सकाळी, शांतपणे, तुम्ही काय पाहिले तेवढेच सांगा : बाटल्या, थरथर, बदललेला क्रम.

डॉक्टरांकडे जाताना रोजचे प्रमाण मिलिलिटरमध्ये लिहून न्या, कारण 'थोडी घेतात' या शब्दांचा अर्थ प्रत्येक घरात निराळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, ती करून घेण्याची मागणी करा. यकृताच्या तपासण्या आणि जीवनसत्त्वांची पातळी पाहावी लागेल. शल्यचिकित्सकांबरोबरच व्यसनमुक्तीचे काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ हवेत. ओढ कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत आणि समुपदेशनासोबत ती उपयोगी पडतात. मात्र बायपासनंतर औषधांचे शोषण बदलते, त्यामुळे मात्रा ठरवताना शस्त्रक्रियेची माहिती त्यांना असलीच पाहिजे.

बाटल्यांविषयी विचारलेत ते फार बरे झाले. ओतू नका, निदान डॉक्टरांना भेटेपर्यंत तरी. सकाळची थरथर हे शरीर मद्यावर अवलंबून झाल्याचे लक्षण असू शकते, आणि अशा माणसाचे मद्य एकाएकी तोडले तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येण्याची किंवा भ्रम होण्याची भीती असते. ते वैद्यकीय देखरेखीखाली, औषधे देऊनच थांबवावे लागते. दुसरी भीती जीवनसत्त्व बी-१ ची. शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवड्यांचा असतो. बायपासमुळे आणि मद्यामुळे तो दोन्ही बाजूंनी आटतो, आणि उलट्या होत असतील तर आणखी लवकर. चालताना तोल जाणे, दृष्टी दुहेरी होणे किंवा डोळ्यांची हालचाल विचित्र होणे, गोंधळल्यासारखे बोलणे यांपैकी काहीही दिसले, तर ते नशेवर न ढकलता त्याच तासाला रुग्णालयात न्या आणि दारातच दोन गोष्टी सांगा : बायपास झाला आहे आणि रोज मद्य घेतात. अशा रुग्णाला ग्लुकोजच्या सलाइनआधी किंवा निदान त्याच्याबरोबर बी-१ चे इंजेक्शन द्यावे लागते, आणि हे दोन तपशील कळल्याशिवाय ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या ते लक्षात येईलच असे नाही.